बाथरूमचं बजेट फरशीच्या मापावर बांधू नका

“बाथरूम ५ × ७ फुटांचं, म्हणजे ३५ चौरस फूट टाइल्स, भाव काढला की बजेट तयार.” नागपुरात वर्षानुवर्षे चालत आलेला हा हिशोब चुकीचा आहे. भिंतींचा घेर २४ फूट. ७ फुटांपर्यंत टाइल्स लावल्या तर १६८ चौरस फूट. दाराचे साधारण १८ वजा करा, फरशीचे ३५ मिळवा, तुटफुटीचे १० टक्के धरा; आकडा २०० च्या पुढे जातो.

जुन्या फरशा फोडणं, मलबा उचलणं, गंजलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपांऐवजी सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप टाकणं, नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी वाहून नेणारं जाळीखालचं भांडं) बदलणं, हे सगळं वेगळं लिहून घ्या.

पैसे वाचवायला लोक नेमकं वॉटरप्रूफिंग गाळतात. नुसत्या व्हाइट सिमेंटने सांधे भरून गळती थांबत नाही. पाणी सांध्यांतून आणि ट्रॅपच्या कडेने झिरपतंच. वॉटरप्रूफिंगचा थर पूर्ण फरशीवर, भिंतींवर किमान १ फूट आणि शॉवरच्या बाजूला ६ फुटांपर्यंत हवा. मग ट्रॅप बुजवून ४८ तास पाणी साठवा. खालच्या छताला ओल आली नाही तरच टाइल्स लावा. पाइपांची प्रेशर टेस्ट (दाबाने पाणी भरून गळती तपासणं) मात्र गिलाव्याआधीच. मे महिन्यात, पारा ४५ वर असताना काम काढलंत तर गिलावा झपाट्याने सुकून तडकतो. दिवसातून तीन-चारदा पाणी मारणाऱ्याची मजुरीही धरा.