प्रोपिऑनिल को-ए कार्बोक्सिलेज

पेशींच्या तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रियांमध्ये) आढळणारे, बायोटिन या ब-गटातल्या जीवनसत्त्वावर चालणारे विकर (एन्झाइम). तीन कार्बनांच्या प्रोपिऑनिल गटाला ते एक कार्बोक्सिल गट जोडते आणि मिथिलमॅलोनिल को-ए तयार होते (को-ए म्हणजे असे गट वाहून नेणारे सहविकर). पुढे आणखी दोन विकरांच्या हातून (त्यांतल्या एकाला ब-१२ जीवनसत्त्व लागते) त्याचे सक्सिनिल को-ए बनून ते क्रेब्ज चक्रात, म्हणजे पेशीच्या ऊर्जा मिळवण्याच्या चक्रात, शिरते.

कोल्हापुरात या विकराचा पसारा पाहायचा तर प्रयोगशाळेपेक्षा गोठा बरा. ऊसतोडीच्या हंगामात म्हशीपुढे वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, पडते. वाड्यात साखर असते म्हणून दूध गोड, असे वाटणे साहजिक आहे, पण ते खरे नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू साखर, तंतू सारे आधीच आंबवून टाकतात. रक्तात उतरतात ती मुख्यतः ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्ले. यांपैकी ग्लुकोज बनवायला खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ते प्रोपिऑनिक. म्हशीचे यकृत याच विकराच्या वाटेने त्याचे ग्लुकोज करते आणि कासेत त्यापासून लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, घडते. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळून दिलेल्या फेसाळ दुधाच्या पेल्यातला गोडवा बराचसा असा आलेला असतो. मक्याचा भरडा घातला की प्रोपिऑनिकचे प्रमाण वाढते. नुसत्या वैरणीवर ॲसिटिक जास्त, आणि ते लोण्याच्या कामी येते.

विकराचा रेणू बारा घटकांचा आहे: सहा अल्फा, सहा बीटा. अल्फावर एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून बायकार्बोनेटमधला कार्बोक्सिल गट बायोटिनवर चढवला जातो. बीटावर तो उतरवून प्रोपिऑनिलला दिला जातो. २०१० मध्ये रचना उलगडली तेव्हा ही दोन ठिकाणे सुमारे ५.५ नॅनोमीटर दूर निघाली. बायोटिनचा हात तेवढा लांब नाही. तो ज्या भागाला जोडलेला आहे, तो अख्खा भागच इकडून तिकडे झुलत असला पाहिजे. मोटेने पाणी उपसावे तसा हा प्रकार: भरायची जागा वेगळी, ओतायची वेगळी.

माणसात अल्फाचे जनुक १३व्या आणि बीटाचे ३ऱ्या गुणसूत्रावर असते. यांपैकी एकाच जनुकाची सदोष प्रत आईवडील दोघांकडून आली तर प्रोपिऑनिक ॲसिडिमिया, म्हणजे रक्तात प्रोपिऑनिक आम्ल साचण्याचा विकार, होतो. बाळ जन्मतः ठीक दिसते. काही दिवसांत दूध ओढेनासे होते, उलट्या करते, सुस्तावते, रक्तातला अमोनिया चढतो. आयसोल्यूसीन, व्हॅलिन, मिथिओनिन आणि थ्रिओनिन ही अमिनो आम्ले मोडताना प्रोपिऑनिल तयार होते आणि दुधातल्या प्रथिनांत ती चारही असतात. त्यामुळे अशा बाळाला दूध मोजूनमापूनच द्यावे लागते. उरलेली गरज ही चार आम्ले वगळलेल्या किंवा अगदी कमी ठेवलेल्या खास पावडरीने भागवतात.