यूएमएल आपल्या क्षेत्रासाठी वळवता येते

यूएमएल म्हणजे सॉफ्टवेअरची रचना आकृत्यांतून मांडायची प्रमाण भाषा. ‘यूएमएल फक्त साध्या सॉफ्टवेअरसाठी, यंत्रं, सेन्सर, रिअल-टाइम प्रणाली असतील तर नवी भाषाच बनवावी लागते’, असा समज बरीच वर्षं फिरतो आहे. आकृत्यांत क्लास (वस्तूंचा प्रकार), ॲक्टर (प्रणाली वापरणारा) असेच शब्द दिसतात, त्यामुळे तो पटणं स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात यूएमएलमध्येच ‘प्रोफाइल’ची, म्हणजे आपल्या क्षेत्रापुरत्या विस्ताराची, सोय आहे. स्टिरिओटाइपने मूळ घटकाला आपल्या क्षेत्राची ओळख द्यायची, टॅग व्हॅल्यूने जास्तीची माहिती जोडायची, कन्स्ट्रेंटने नियम घालायचे. मूळ नियम मात्र मोडता येत नाहीत, फक्त आणखी कडक करता येतात. माझ्या मते खरी ताकद याच बंधनात आहे. यंत्रं आणि सॉफ्टवेअर मिळून बनणाऱ्या प्रणाली मांडायची, 2007 साली आलेली सिसएमएल ही भाषा अशीच घडली: तिचा ‘ब्लॉक’ म्हणजे स्टिरिओटाइप लावलेला क्लास. (दुसऱ्या आवृत्तीने हा पाया सोडला, हेही खरं.)

पडताळायला सिसएमएलच्या पहिल्या आवृत्तीतलं एखादं मॉडेल एक्सएमआयमध्ये (मॉडेल मजकूर-फाइलच्या रूपात साठवायचा फॉरमॅट) एक्स्पोर्ट करा आणि टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. क्लासची नोंद नेहमीसारखीच दिसेल. ‘ब्लॉक’ची नोंद वेगळी असते आणि तिच्यात ‘बेस_क्लास’पुढे त्या क्लासचा आयडी असतो. मग मॉडेलच्या प्रतीवरून प्रोफाइल काढून पाहा: «ब्लॉक» ही खूण जाते, क्लास आणि त्याचे संबंध जागेवर राहतात.