लॅट आणि एसएलपी-७६: जोडीदार, पण जुळे नव्हेत

रोगांशी लढणाऱ्या टी पेशीच्या आतल्या संदेशवहनाची आकृती पाहिली की लॅट आणि एसएलपी-७६ शेजारी शेजारीच दिसतात. दोन्ही अ‍ॅडॅप्टर प्रथिनं. स्वतः कुठलीही रासायनिक क्रिया घडवत नाहीत, इतरांना एका जागी आणतात. दोघांच्याही टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतो तो एकच किनेज (फॉस्फेट जोडणारं एन्झाइम), झॅप-७०. उंदरात यांपैकी कुठलंही एक जनुक काढलं तर थायमसमध्ये, म्हणजे टी पेशी जिथे घडतात त्या छातीतल्या ग्रंथीत, त्यांची वाढ अगदी सुरुवातीलाच अडते. त्यामुळे विद्यार्थी दोघांची गल्लत करतात, यात नवल नाही.

पहिला फरक जागेचा. लॅट पेशीपटलात रोवलेलं असतं, एसएलपी-७६ पेशीद्रवात असतं. लॅटवर फॉस्फेट चढलं की गॅड्स हे छोटं प्रथिन तिथे येऊन चिकटतं. त्याने एसएलपी-७६ला आधीच धरलेलं असतं, त्यामुळे तेही पटलापाशी ओढलं जातं.

मात्र खरा उलगडा होतो तो एकेका टायरोसिनपाशी. उंदराच्या लॅटमधला १३६वा टायरोसिन ही संदेश पुढे नेणारं पीएलसी-गॅमा-१ हे एन्झाइम चिकटण्याची जागा. तो बदलला तर टी पेशी दुबळ्या व्हाव्यात, असंच कुणालाही वाटेल. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत थायमसमधली वाढ काही प्रमाणात खुंटली खरी, पण पुढे सीडी४ या गटातल्या टी पेशी बेसुमार वाढल्या, प्लीहा फुगली, आयजीई हे अ‍ॅलर्जीशी निगडित प्रतिपिंड प्रचंड चढलं. म्हणजे हा टायरोसिन पेशीला चालना देतो तसा आवरूनही धरतो. मला ही या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. एसएलपी-७६चा १४५वा टायरोसिन बदलला तर वेगळंच घडतं: आयटीके या किनेजशी सांधा नीट जुळत नाही आणि थायमसमधली धन निवड (उपयोगी टी पेशी राखणं) व ऋण निवड (स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या काढून टाकणं), दोन्ही ढिली पडतात. एसएलपी-७६ला लगाम आहे तो सेरीन या दुसऱ्या अमिनो आम्लावर. ३७६व्या सेरीनवर एचपीके-१ या किनेजने फॉस्फेट बसवलं की संदेश मंदावतो.

उंदराच्या लॅटमधला १३६वा टायरोसिन माणसात १३२वा. त्याच्या लगेच अलीकडे ग्लायसिन हे अमिनो आम्ल आहे. झॅप-७०ला तिथे आम्लधर्मी अमिनो आम्ल हवं असतं, म्हणून इथे फॉस्फेट सावकाश चढतं. टी पेशीचा ग्राही समोरच्या पेप्टाइडला (प्रथिनाच्या तुकड्याला) कच्चा चिकटला असेल, तर तेवढ्या वेळात तो बंध सुटून जातो आणि संदेश पुढे जात नाही. ग्लायसिनच्या जागी अ‍ॅस्पार्टेट घातलं की हा विलंब संपतो, आणि एरवी टी पेशी ज्यांची दखलही घेत नाही अशा दुबळ्या पेप्टाइडनाही ती प्रतिसाद देऊ लागते.