वाँटन सूप: वाटीतल्या निवळशंख पाण्याची गोष्ट

वाँटन म्हणजे पिठाच्या पातळ पारीत सारण भरून सूपमध्ये वाढलेली चिनी डंपलिंग. तांग राजवटीत चांगआन म्हणजे आजच्या शीआन शहरात शियाओ घराण्याचे वाँटन नावाजलेले होते. नवव्या शतकातल्या दुआन छंगशी या लेखकाने त्याची नोंद केली आहे, आणि गंमत म्हणजे तिच्यात सारणाबद्दल अवाक्षर नाही. सूपवरचा तवंग काढला की उरलेल्या पाण्यात चहा करता येतो, एवढेच तो सांगतो. थोडी अतिशयोक्ती असेलच. पण चिनी आचाऱ्याला कसे सूप साधायचे होते, हे त्यातून नेमके कळते. वाँटनचा इतिहास सहसा पारी आणि सारणाच्या अंगाने सांगितला जातो. वाटीतल्या पाण्याकडे फारसे कोणी बघत नाही.

पारीचे पुरावे तसे भक्कम आहेत. शिनजियांगमध्ये तुर्फानजवळच्या अस्ताना कबरींत तांग काळातली डंपलिंग वाळलेल्या अवस्थेत सापडली. हान काळातल्या (दुसरे-तिसरे शतक) जांग जोंगजिंग या वैद्याने थंडीने कान गोठलेल्या गरिबांना कानाच्या आकाराची डंपलिंग गरम सूपमध्ये घालून खाऊ घातली, ही कथाही लोकप्रिय आहे. तिच्या काही आवृत्त्यांत सारणात मिरची असते. मिरची चीनमध्ये पोहोचली सोळाव्या शतकाच्या सुमारास, त्यामुळे ती दंतकथा म्हणूनच ऐकावी.

पाण्याचा जुना धागा सापडतो तो सहाव्या शतकातल्या जिया सिश्ये यांच्या शेतीविषयक ग्रंथात. गाईगुरांची आणि मेंढ्यांची हाडे ठेचा, चांगली शिजवून रस काढा, वर येणारा फेस काढून टाका, मग भांडे निवळू द्या, असे ते सांगतात. हा रस त्यांना सुक्या मांसाला मुरवण्यासाठी हवा होता, सूपसाठी नव्हे. तरी आजही स्टॉक करणारा याहून वेगळे काही करत नाही.

या निवळण्याची खरी कला केली ती पूर्व चीनमधल्या शानडोंग प्रांताच्या आचाऱ्यांनी. ऑपेरातल्या नटाचा गळा तसे आचाऱ्याचे सूप, अशी चिनी म्हण आहे. शानडोंगला दोन सुपे मानाची: पारदर्शक छिंगथांग आणि दुधाळ नायथांग. सामग्री जवळपास तीच, कोंबडी, बदक आणि डुकराची हाडे, फरक आचेचा. खळखळून उकळले की चरबीचे बारीक थेंब होतात, हाडांतले जिलेटिन त्यांना धरून ठेवते आणि सूप पांढरे होते. छिंगथांग मात्र मंद आचेवर, पृष्ठभाग जेमतेम हलेल इतक्याच उष्णतेवर तासन् तास ठेवतात. मग कोंबडीच्या मांसाचा बारीक खिमा पाण्यात कालवून त्यात सोडतात. तापताना खिम्यातली प्रथिने घट्ट होतात आणि सूपमधला सगळा गाळ ओढून घेऊन वर येतात. तो थर काढला की खाली उरते निवळशंख सूप. इतकी कोंबडी केवळ झाडू म्हणून खर्ची घालायची, हे दरबारी आणि श्रीमंती स्वयंपाकघरालाच परवडणारे!

दक्षिणेकडे क्वांगचौमध्ये सूपला समुद्राची चव आली. डुकराच्या हाडांबरोबर कोळंबीची टरफले आणि वाळवून भाजलेला चपटा मासा (आपल्याकडच्या लेपाच्या जातकुळीतला) घालण्याची तिथली रीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर युद्ध आणि सत्तांतरामुळे लोक हाँगकाँगला गेले, तेव्हा हे वाँटन-नूडल्सही त्यांच्याबरोबर गेले. वाडगा लहान, वाँटन तळाशी आणि नूडल्स वर, म्हणजे त्या सूपमध्ये भिजून मऊ पडत नाहीत.

हाडे, सुका मासा आणि सुके मशरूम एकत्र का घालायचे, याचे उत्तर जपानी संशोधकांनी दिले. 1908 मध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळातून ग्लुटामेट हे चव देणारे द्रव्य वेगळे केले. 1913 मध्ये शिंतारो कोदामा यांना सुक्या माशात इनोसिनेट हे तसेच दुसरे द्रव्य सापडले. ही दोन द्रव्ये एकत्र आली की चव नुसती दुप्पट होत नाही, कितीतरी पटींनी वाढते. आचाऱ्यांना हे जिभेने आधीच ठाऊक होते. 1923 मध्ये शांघायमध्ये वू युनछू यांनी थ्येनछू ही चिनी अजिनोमोटोची कंपनी काढली, आणि कित्येक तासांच्या स्टॉकला चमचाभर पावडरीचा पर्याय मिळाला.

पण साध्या घरांत वाँटनसाठी स्टॉक रोज होत असे, हा समज मला भाबडा वाटतो. शांघायकडे वाडग्यात सोया सॉस, थोडी डुकराची चरबी, सुका जवळा, समुद्री शेवाळ आणि कांद्याची पात घालून वर कढत पाणी ओततात, झाले सूप. उत्तरेत जियाओझ (तिकडची डंपलिंग) ज्या पाण्यात उकडले तेच पाणी पितात आणि त्याने अन्न पचते असे मानतात. आज ज्याला 'घरगुती स्टॉक' म्हणतात, ती बरीचशी हॉटेलातली कला घरी आलेली आहे.

आपल्या चायनीजच्या गाडीवरचे कॉर्नफ्लोअरने दाट केलेले मनचाव या परंपरेपासून बरेच लांब आहे. कोल्हापूरकडची मटणाची आळणी तिला जास्त जवळची. घरी करायचे तर हाडे आधी गार पाण्यात ठेवून एक उकळी आणावी, ते पाणी फेकून हाडे धुवावीत, मग ताज्या गार पाण्यात आले आणि पात घालून झाकण न लावता दोन-तीन तास मंद आचेवर ठेवावीत. मीठ शेवटी. वाँटन मात्र वेगळ्या पाण्यात उकडावेत, नाहीतर पारीवरचे कोरडे पीठ सुटून सगळे सूप गढूळ होते.