नंबर न जुळणारी रायफल: जुन्या लष्करी बंदुकांच्या सुट्या भागांमागचा इतिहास

कोल्हापुरात जुनी शस्त्रं जमवणाऱ्यांचा ओढा आधी तलवार, पट्टा, कट्यार यांच्याकडे असतो. मर्दानी खेळांच्या या शहरात ते साहजिकच आहे. फिरंगेचं पातं युरोपातलं आणि मूठ आपल्याकडची, हे इथला जाणकार ती हातात घेताच सांगतो. लष्करी रायफलीला मात्र ही नजर क्वचितच मिळते. 'इंग्रजांची थ्री-नॉट-थ्री' म्हटलं की विषय संपतो. खरं तर एकाच रायफलीत दोन-तीन देश आणि दोन-तीन राजवटी सापडू शकतात.

सुरुवात १८५३ च्या एनफील्डपासून करावी लागते. ०.५७७ इंच व्यासाची ही ठासणीची रायफल, आणि तिच्याच काडतुसावरून १८५७ ची ठिणगी पडली. तोपर्यंत इंग्लंडमध्ये नळी एकाकडे, चापाची यंत्रणा दुसऱ्याकडे, लाकडी दस्ता तिसऱ्याकडे आणि जुळवणी कानशीने घासून, असं काम चाले. एका बंदुकीचा घोडा दुसरीला बसेलच याची खात्री नसे. एनफील्डच्या सरकारी कारखान्याने अमेरिकेतून यंत्रं आणली आणि १८५८ पासून तिथले भाग अदलाबदल करण्याजोगे निघू लागले. सुट्या भागांचा माग काढण्याचं शास्त्र इथूनच सुरू होतं. भाग बदलता येऊ लागला, म्हणूनच आज कोणता भाग मूळचा हे विचारावं लागतं.

कोल्हापूरचा या गोष्टीशी थेट संबंध आहे. १८४४ मध्ये सामानगड, भुदरगडावर गडकरी उठले होते. ३१ जुलै १८५७ च्या रात्री इथल्या २७ व्या नेटिव्ह इन्फंट्रीचे शिपाई उठले. पुढे त्या पलटणीची शस्त्रं काढून घेण्यात आली. देशभरच्या अशा उठावांचा धडा इंग्रजांनी बंदुकीतच उतरवला. देशी शिपायांसाठीच्या एनफील्डमधले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खोबणी, काढून नळी आतून गुळगुळीत केली गेली आणि नेम धरायची मागची सरकती निशाणी जाऊन तिथे साधा ठोकळा आला. नेम दूरवर लागू नये, एवढाच हेतू. अशी नळी बॅटरीच्या उजेडात पाहिली की सरकारचा अविश्वास डोळ्यांना दिसतो. मला तरी कोणत्याही कागदापेक्षा हा पुरावा बोलका वाटतो.

पुढे गोऱ्या पलटणींकडे नवी बंदूक आली की जुनी देशी पलटणींकडे उतरायची. १८६६ पासून एनफील्डची नळी मागून कापून, काडतूस मागून भरता येईल अशी बिजागरीची स्नायडर यंत्रणा बसवली गेली. त्यामुळे चापपट्टीवर १८६० च्या आसपासचं साल आणि मागच्या या भरायच्या यंत्रणेवर नंतरच्या खुणा दिसल्या, तर लगेच बनावट म्हणू नये. स्नायडरनंतरची मार्टिनी-हेन्री रायफलही याच वाटेने खाली आली.

सगळ्यात जास्त खुणा वाचायला मिळतात त्या १९०७ च्या एस.एम.एल.ई. (शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्ड) मार्क-३ वर. हीच आपली थ्री-नॉट-थ्री. एनफील्ड, बर्मिंगहॅमचा बी.एस.ए., लंडनचा एल.एस.ए., ऑस्ट्रेलियातलं लिथगो आणि बंगालमधलं इशापूर, या सगळ्यांनी ती घडवली. दस्त्याच्या मानेजवळच्या लोखंडी भागावर मुकुट, त्याखाली कारखान्याचं नाव आणि साल असतं. इशापूरच्या जुन्या रायफलीवर 'जी.आर.आय.', म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज. प्रजासत्ताकानंतर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. लाकडावर 'स्लॅझ' असा छाप दिसला तर ते ऑस्ट्रेलियातलं, टेनिसच्या रॅकेटी बनवणाऱ्या स्लॅझेंजरने युद्धकाळात केलेलं काम. इशापूरने पुढच्या लाकडातून आरपार एक मजबुतीचा स्क्रू बसवला, तो दिसला की रायफल भारतीय कार्यशाळेतून गेली असं समजायला हरकत नाही. काही रायफलींना इशापुरातच ०.४१० ची गुळगुळीत नळी बसवून, मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा घालून पहाऱ्यासाठी एकबारी केलं गेलं. अविश्वासाची तीच जुनी रीत.

नळी, बोल्ट (काडतूस आत सारून नळी बंद करणारा सरकता दांडा), मागची निशाणी आणि पुढची लोखंडी टोपी यांवर एकच नंबर असावा, अशी अपेक्षा असते. तो जुळला तर संग्राहक खूश, नाही तर किंमत उतरते. मला हे पटत नाही. बोल्टवरचा जुना नंबर खोडून नवा ठोकलेला असेल, तर ती बहुधा लष्करी शस्त्रशाळेतली दुरुस्ती असते. ती रायफल खरोखर वापरात होती याची ती साक्ष आहे.

संस्थानी फौजांच्या रायफलींवरच्या अशा खुणा तर आणखी जपायला हव्यात. कोल्हापूर संस्थानच्या राजाराम रायफल्स या पलटणीचं विलीनीकरणानंतर मराठा लाइट इन्फंट्रीत रूपांतर झालं. न्यू पॅलेसच्या संग्रहालयात शस्त्रं मांडलेली आहेत, पण काचेबाहेरून बोल्टखालचा नंबर वाचता येत नाही.

हौशी माणसाने कायदाही नीट समजून घ्यावा. १९५९ च्या शस्त्र कायद्यातलं कलम ४५ कालबाह्य किंवा पुरातन शस्त्राला सूट देतं, पण दुरुस्ती करूनही ते चालणार नसेल तरच. ०.३०३ (थ्री-नॉट-थ्री) हा तर नागरिकांसाठी निषिद्ध बोअर, म्हणजे नळीचा व्यास. शंभर वर्षांवरच्या वस्तूला १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होऊ शकतो. आणि घरात आजोबांची बंदूक निघालीच, तर पोलिसांना कळवण्याआधी तिला पॉलिश पेपर लावू नये. छाप आधी घासले जातात, गंज नंतर.