विंशतिफलकीय विषाणुजालकाची संगणकीय प्रतिमाने

पुष्कळशा गोलाभ विषाणूंच्या प्रथिनकवचाला वीस त्रिकोणी फलकांच्या घनाकृतीची सममिती असते. तिच्यावर बेतलेले पंचकोन-षट्कोनांचे जालक रेणुदर्शक प्रणालीत काढून ते विषाणूच्या अणुरचनेशी ताडून पाहण्याची ही पद्धत होय.

या कल्पनेचे श्रेय एकाच नावावर मांडणे कठीण आहे. लहान विषाणूंची कवचे एकसारख्या उपघटकांची (प्रथिनरेणूंची) सममित बांधणी असावीत, असे क्रिक व वॉटसन यांनी १९५६ मध्ये सुचविले. त्याच वर्षी कॅस्पर यांना टोमॅटो बुशी स्टंट विषाणूच्या क्ष-किरण चित्रांत पंचसममितीच्या खुणा मिळाल्या. या सममितीत तंतोतंत सारख्या जागा ६०च मिळतात; मग साठांहून अधिक उपघटक बसतात कसे, याचे उत्तर कॅस्पर व क्लूग यांनी १९६२ मध्ये दिले : त्यांच्या जागा तंतोतंत नव्हे, तर जवळपास सारख्या असतात. एका पंचकोनापासून शेजारच्या पंचकोनापर्यंत जाताना षट्कोनी जाळीच्या दोन दिशांनी टाकावी लागणारी पावले म्हणजे एच व के. त्यांवरून त्रिकोणन अंक टी = एच² + एच·के + के²; उपघटक ६०टी; पंचके (पाच उपघटकांचे गट) नेहमी १२, षट्के (सहांचे गट) १०(टी−१). काही लेखक यामागे वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्या त्रिकोणी जाळीच्या घुमटांची प्रेरणा ठळक करतात. तथापि याच सूत्राचे बहुफलक गणिती गोल्डबर्ग यांनी १९३७ मध्येच मांडले होते. गणिती अग्रमान त्यांना व विषाणूंवरील उपयोजन कॅस्पर-क्लूग यांना देणे अधिक रास्त वाटते.

कायमेरा या प्रणालीत ‘एचकेकेज’ ही आज्ञा एच, के व त्रिज्या घेऊन जालक काढते. आणखी एका गुणकाने सपाट फलक गोलाकडे फुगवता येतात. खरी मेख दिशेत आहे. द्विसममिती अक्ष (ज्यांभोवती अर्धा फेरा दिल्यास आकृती तशीच दिसते) एक्स, वाय, झेडवर ठेवूनही आकृती दोन प्रकारे बसते. त्यांत ९०° चा फरक असतो आणि चुकीची निवड केल्यास पंचकोन पंचकांवर येत नाहीत. टी = ७ असता (२,१) व (१,२) ही जालके परस्परांची आरशातील प्रतिबिंबे असतात : एचके९७ या जीवाणुभक्षी विषाणूचे डावे, एसव्ही४० या माकडांतील विषाणूचे उजवे. एसव्ही४० च्या षट्कोनी घरांतही पंचकेच असतात. म्हणून उपघटक ४२० नसून ३६० भरतात. जालक जागा दाखवते, तिथे काय बसले आहे ते नव्हे.

नाशिक-नगर पट्ट्यातील टोमॅटोच्या संदर्भात काकडी मोझॅक विषाणू हे सोयीचे उदाहरण. २०२० मध्ये शेतकऱ्यांनी ‘तिरंगा’ म्हटलेल्या रोगाशी त्याचा संबंध जोडला गेला. प्रथिन माहितीपेढीतील (प्रथिनांच्या अणुरचनांच्या सार्वजनिक संग्रहातील) १एफ१५ या नोंदीत त्याचे तीनच स्वतंत्र उपघटक असतात. सोबतच्या ६० सममिती-रूपांतरांनी १८० उपघटकांचे पूर्ण कवच उभे राहते आणि (१,१) जालकाची १२ पंचकोनी व २० षट्कोनी घरे त्यावर बसतात. टोमॅटोच्या पर्णगुच्छ रोगाचे जेमिनी विषाणू मात्र या आज्ञेत मावत नाहीत. दोन अपुरे विंशतिफलक जोडून झालेल्या त्यांच्या जुळ्या कवचात २२ पंचके, म्हणजे ११० उपघटक असतात; प्रत्येक अर्ध्यासाठी टी = १ चे वेगळे जालक काढून सांध्यावरचा भाग हाताने वगळावा लागतो.