पंतोजी आणि शिक्षकी पेशाचे स्थित्यंतर (महाराष्ट्र)

पंतोजी : मराठी मुलखात गावातील किंवा पेठेतील मुलांना अक्षरओळख, हिशेब आणि मोडी लेखन शिकवून त्यावर उपजीविका करणारा खाजगी शिक्षक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची जागा हळूहळू सरकारी विद्याखात्याच्या पगारी मास्तराने घेतली. लोकल बोर्ड व स्कूल बोर्ड यांच्या आणि पुढे जिल्हा परिषदेच्या नोकरीत आलेला प्राथमिक शिक्षक हा त्याचाच उत्तराधिकारी होय. या सुमारे दोनशे वर्षांत अध्यापनपद्धती बदलली, पण त्याहून मूलगामी बदल शिक्षकाला कोण पोसतो आणि तो कोणाला जाब देतो, या बाबतीत झाले. पुढील विवेचनात मुख्यतः त्यांचाच मागोवा घेतला आहे.

प्राचीनता व स्थान : पंतोजीची शाळा केव्हापासून अस्तित्वात होती, हे निश्चित सांगता येत नाही. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’त लेखनक्रियेवर स्वतंत्र समास लिहून अक्षर कसे घोटावे, बोरू, शाई आणि कागद कसे सिद्ध करावेत, याचा तपशील दिला आहे. त्यावरून सतराव्या शतकात लेखनकलेचे पद्धतशीर शिक्षण दिले जात असावे, एवढे अनुमान निघते. त्यात पंतोजीच्या शाळेचे वर्णन मात्र नाही. मोडीचा प्रारंभ यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याकडे नेणाऱ्या परंपरेच्या आधारे काहींनी ही संस्थाही तेराव्या शतकापर्यंत मागे नेली आहे, परंतु हा आधार दुबळा आहे. मराठी राज्यात महसुलाचे आणि दफ्तराचे काम वाढत गेले, तशी कारकुनी शिक्षणाची गरज वाढली आणि तिच्यातून अठराव्या शतकात पंतोजीचा पेशा रूढ झाला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

गावगाड्यातील त्याचे स्थान लक्षात घेण्याजोगे आहे. मद्रास इलाख्यातील ग्रामव्यवस्थेचे वर्णन करणाऱ्या ब्रिटिश संसदीय समितीच्या १८१२ च्या पाचव्या अहवालात गावच्या नोकरांच्या यादीत शिक्षकाचा समावेश आहे. महाराष्ट्रातील बारा बलुत्यांच्या याद्या जागोजागी वेगळ्या असल्या, तरी जोशी, सुतार, लोहार, न्हावी यांच्याबरोबर पंतोजी त्यांत आढळत नाही. त्याला वतन नव्हते आणि खळ्यावरच्या बलुत्यातही त्याचा हक्क नव्हता. राज्यकर्त्यांचा आश्रयही त्याच्यापर्यंत पोहोचला नाही. पेशव्यांच्या काळात पुण्याच्या रमण्यात वाटली जाणारी दक्षिणा वैदिक व शास्त्री यांच्यासाठी होती. बाराखडी आणि पावकी (पावाचे पाढे) शिकवणारा पंतोजी विद्वानांत गणला जात नसे. त्यामुळे तो पूर्णपणे पालकांवर अवलंबून राही. महिन्याकाठी प्रत्येक मुलामागे मिळणारी अल्प फी, सणावाराचा शिधा आणि दसऱ्याला पाटीपूजनाच्या निमित्ताने मिळणारी दक्षिणा हीच त्याची मिळकत होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नोंदींवरून ती सर्व मिळून दरमहा साधारण तीन ते पाच रुपयांच्या आसपास असावी.

शाळांच्या संख्येचा वाद : पंतोजीविषयीची आपली बहुतेक माहिती ज्या पाहण्यांतून येते, त्यांचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. मुंबईचा गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत १८२४–२५ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांमार्फत आणि त्याच्यानंतर १८२९ मध्ये न्यायखात्यामार्फत देशी शाळांची माहिती गोळा करण्यात आली. १८२९ च्या आकडेवारीनुसार सुमारे ४७ लाख लोकवस्तीच्या प्रदेशात सरकारी धरून १,७०५ शाळा आणि सुमारे ३५ हजार विद्यार्थी होते. याउलट मुंबई कौन्सिलचा सभासद प्रेंडरगास्ट याने १८२१ मध्ये लिहून ठेवले होते की, आपल्या मुलखात लहान असो वा मोठे, ज्यात एकही शाळा नाही असे गाव क्वचितच सापडेल. या दोन विधानांचा मेळ बसत नाही.

महात्मा गांधींनी ऑक्टोबर १९३१ मध्ये लंडनमध्ये केलेल्या भाषणात ब्रिटिश राजवटीत देशी शिक्षणाचा सुंदर वृक्ष उन्मळून पडला असे म्हटले, तेव्हा ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ फिलिप हार्टॉग यांनी त्यास आक्षेप घेतला, आणि या वादात मुंबई इलाख्याचे आकडे पुन्हा तपासले गेले. हार्टॉग यांनी पाहणीतील संख्या जवळजवळ जशीच्या तशी स्वीकारली. शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर यांनी मूळ कागदपत्रे संपादित करून प्रसिद्ध केली आणि ही संख्या वास्तवापेक्षा कमी असल्याचे दाखवण्याचा प्रयत्न केला. घरी दिले जाणारे शिक्षण पाहणीत आले नाही, शिवाय अनेक अधिकाऱ्यांनी चौकशी वरवर केली, हे त्यांचे मुख्य मुद्दे होत. पुढे इतिहास-अभ्यासक धरमपाल यांनी प्रामुख्याने मद्रासच्या आधारे देशी शिक्षणाचे याहून बरेच विस्तृत चित्र उभे केले.

प्रस्तुत लेखकाला परुळेकरांची भूमिका अधिक सावध आणि म्हणून अधिक विश्वसनीय वाटते. पंतोजीची शाळा ही इमारत नव्हती. एखाद्या वाड्याची पडवी, देवळाचा सभामंडप किंवा धर्मशाळा एवढेच तिचे ठिकाण असे. सरासरी पंधरा-वीस मुले येत, आणि पंतोजी गाव सोडून गेला किंवा वारला की शाळा बंद पडे. एका वर्षी मोजलेली शाळा दुसऱ्या वर्षी तेथे असेलच असे नाही, आणि न मोजलेली दोन पावसाळ्यांनंतर उभी राहिलेली असू शके. अशा चल संस्थेची एका दिवसाची गणती कमी भरणे साहजिक आहे. तथापि, प्रेंडरगास्टचे विधानही शब्दशः घेता येत नाही. शिवाय संख्या कितीही मानली तरी अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले या शाळांत नव्हती आणि मुली जवळपास नव्हत्याच, ही वस्तुस्थिती बदलत नाही. पंतोजींमध्ये ब्राह्मण बहुसंख्य होते. इतर जातींच्या पंतोजींचे उल्लेखही पाहण्यांत येतात.

अध्यापन : मूल प्रथम धुळपाटीवर बसे. लाकडी फळीवर विटेची बारीक पूड किंवा रेती पसरून पंतोजी तीत अक्षर काढून देई आणि मूल काडीने किंवा बोटाने ते गिरवी. फळी हलवली की अक्षर मोडे आणि पुन्हा काढता येई. अक्षर बसले की बोरू आणि कित्ता हाती येत. अंक, पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी उजळणी सर्व मुले एका सुरात म्हणत आणि संध्याकाळी परवचा होई. बाजारातला तोंडी हिशेब आणि मोडी खत वाचता येणे, एवढे साधले की बहुतेकांचे शिक्षण पुरे होई. छापील पुस्तक नव्हते. मोठी मुले लहानांना शिकवीत, त्यामुळे एक पंतोजी वेगवेगळ्या पायरीवरची मुले एकाच वेळी सांभाळू शके. मद्रासमध्ये अशीच वाळूत लिहिणारी मुले पाहून स्कॉटिश पाद्री अँड्र्यू बेल याने अठराव्या शतकाच्या अखेरीस आपली पद्धती बेतली आणि ती इंग्लंडमध्ये नेली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मुंबई इलाख्यातील नव्या शाळांना हीच पद्धती नंतर इंग्रजी सुधारणा म्हणून शिकवण्यात आली. शिक्षा कठोर होत्या. छडी, अंगठे धरून उभे करणे, कोंबडा करणे हे प्रकार पंतोजीबरोबर संपले नाहीत. मास्तरांच्या शाळेतही ते दीर्घकाळ टिकले.

पंतोजी ते मास्तर : १८२२ मध्ये स्वतंत्रपणे उभ्या राहिलेल्या हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळीने जुन्या पंतोजींना सुधारण्याऐवजी नवे शिक्षक तयार करण्याचा मार्ग पत्करला. सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्यासारख्यांनी पुस्तके सिद्ध केली आणि १८२६ मध्ये मंडळीने तयार केलेले चोवीस शिक्षक दक्षिण, कोकण व गुजरातमध्ये शाळा काढण्यास गेले. ठरलेला पगार घेणारा आणि छापील पुस्तकातून शिकवणारा शिक्षक या पिढीपासून दिसू लागतो. १८४५ मध्ये मुंबईत बाळशास्त्री जांभेकर यांच्या देखरेखीखाली नॉर्मल वर्ग (शिक्षक-प्रशिक्षणाचा वर्ग) निघाला. १८५५ मध्ये विद्याखाते स्थापन झाल्यावर शाळा तपासणारा डेप्युटी (ग्रामीण बोलीत ‘दिपोटी’), शेरेबुक आणि हजेरीपट यांनी शिक्षकाचा दिवस बांधला गेला. १८६३ पासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा कर बसला आणि ग्रामीण शाळांचा खर्च त्यातून भागू लागला. पैसा अजूनही गावकऱ्यांचाच होता, पण तो आता सरकारच्या हातून शिक्षकाकडे येई. त्यामुळे गावाला शिक्षकाला जाब विचारण्याची सोय उरली नाही.

या बदलाची सर्वांत मर्मग्राही चिकित्सा जोतीराव फुले यांनी केली. १८६९ मध्ये त्यांनी विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजींवर पोवाडा रचला. सरकारी शिक्षकालाही तोपर्यंत जुन्याच नावाने ओळखले जात होते, हे त्यावरून कळते. १८८२ मध्ये सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदनात त्यांनी शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, प्रसंगी नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्यांना लाज वाटू नये, त्यांचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा आणि मोठ्या गावांत तो पंधरा-वीस रुपये असावा, अशी मागणी केली. गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी किंवा टपाल यांसारखी कामे देऊन शिक्षकाला गावच्या कारभारात स्थान द्यावे, असेही त्यांनी सुचवले. पंतोजीला गावगाड्यात जे कधीच मिळाले नव्हते ते शिक्षकाला मिळावे, हा या सूचनेचा आशय आहे, आणि तिची म्हणावी तशी दखल अभ्यासकांनी घेतलेली नाही.

स्त्रियांचा या पेशातील प्रवेश १८४८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या फुले यांच्या मुलींच्या शाळेपासून मानला जातो. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगर येथे मिस फॅरार आणि पुणे येथे मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले होते, ही नोंद विशेष महत्त्वाची आहे, कारण त्या काळी बहुसंख्य पुरुष शिक्षकही अप्रशिक्षित होते. पुढे मास्तरांच्या पत्नींना प्रशिक्षण देऊन नवऱ्याच्याच गावी नेमावे, असे धोरण हंटर आयोगाने पुरस्कारले.

विसावे शतक : व्हर्नाक्युलर फायनल ही मराठी शाळेची अखेरची परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण शिक्षक होई आणि नंतर ट्रेनिंग कॉलेजात जाऊन ‘ट्रेंड’ (प्रशिक्षित) ठरे. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा लोकनियुक्त मंडळांकडे गेल्या आणि त्याबरोबर बदल्यांचे राजकारणही आले. शिक्षकाला पोसण्याचे अन्य मार्गही याच काळात शोधले गेले. गांधीजींच्या १९३७ च्या वर्धा योजनेत मुलांच्या हस्तोद्योगातून शिक्षकाचा पगार निघावा, अशी कल्पना होती. मध्य प्रांत व वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांच्या विद्यामंदिर योजनेत शाळेला जमीन जोडून तिच्या उत्पन्नातून शिक्षकाचा खर्च भागवावयाचा होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या व्हॉलंटरी शाळा एकशिक्षकी होत्या, गावाने दिलेल्या जागेत भरत आणि गावाच्या मदतीवर चालत. रचनेच्या दृष्टीने त्या पंतोजीच्या शाळेच्या सर्वांत जवळ होत्या, फरक इतकाच की त्या बहुजनांच्या मुलांसाठी होत्या आणि त्यांचे शिक्षक १९३५ मध्ये साताऱ्यात निघालेल्या संस्थेच्या ट्रेनिंग कॉलेजातून तयार होत. मराठवाड्यात निजामी अमलामुळे आणि गोव्यात पोर्तुगीज अमलामुळे घडण वेगळी झाली; गोव्यात मराठी शाळा दीर्घकाळ ग्रामस्थांच्या खाजगी आधारावर चालत.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शिक्षक त्यांचा कर्मचारी झाला. खाजगी शाळांतील शिक्षकांना १९७७ च्या सेवाशर्ती अधिनियमाने आणि १९८१ च्या नियमावलीने संरक्षण मिळाले. १९७७–७८ च्या चोपन्न दिवसांच्या संपात शिक्षकही सरकारी कर्मचाऱ्यांबरोबर उतरले. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघांचे सात सदस्य असतात, परंतु घटनेच्या तरतुदीनुसार त्यांच्यासाठी मतदानाचा अधिकार माध्यमिक व त्यावरील शिक्षकांनाच आहे, प्राथमिक शिक्षकांना नाही.

दोन हजार सालापासून आलेल्या शिक्षण सेवक योजनेत पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात. प्राथमिक स्तरावर हे मानधन प्रथम ३,००० रुपये होते, ते पुढे ६,००० आणि २०२३ मध्ये १६,००० रुपये झाले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेवर बंदी घातली, शिक्षक पात्रता परीक्षेची (टीईटी) वाट मोकळी केली आणि जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे ठरवले. प्रत्यक्षात वगळलेली कामेच एवढी मोठी आहेत की शिक्षक संघटनांची तक्रार कायम राहिली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही ही पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे आवश्यक ठरवले.